खाज सुटली म्हणजे रक्त खराब झालं, असं नाही
बीड-लातूरकडं अंग खाजायला लागलं की घरोघरी एकच निदान : "रक्त खराब झालंय, कडुनिंबाचा रस घ्या." पण अंगावर पुरळ नाही, तळहात-तळपाय खाजतात, रात्री तर जास्तच, असं असेल तर यकृत तपासा. प्रायमरी बिलिअरी कोलॅन्जायटिस या यकृताच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर उलटते. पित्त तुंबतं, खाज सुटते. हा आजार बायकांत जास्त, आणि आपल्याकडं बायका दुखणं अंगावर काढतात, याचंच वाईट वाटतं. खाजेच्या नेहमीच्या गोळ्यांनी फार तर गुंगी येते. डॉक्टर बहुधा आधी कोलेस्टिरामिनची पावडर देतात, पाण्यात कालवून घ्यायची. इतर गोळ्या तिच्या किमान १ तास आधी किंवा ४ तासांनंतर घ्या. नाहीतर ती त्यांना आतड्यातच धरून ठेवते. गुळवेलीचा काढा नकोच. त्यानं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.