स्कोप माउंट

स्कोप माउंट : रायफलीवर दुर्बीण पक्की धरून ठेवणारा धातूचा जोड. याचे सहसा दोन भाग असतात. रिसीव्हरवर (रायफलीच्या ज्या धातूच्या भागात गोळी भरली जाते त्यावर) स्क्रूंनी बसते ती रेल (किंवा बेस), आणि रेलवर आवळल्या जातात त्या दोन कड्या, म्हणजे रिंगा. त्यांच्यात दुर्बिणीची नळी बसते. मराठी वाचकाला रायफल नेमबाजी ठाऊक असते ती बहुधा ऑलिंपिकमुळे. पण स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दुर्बीण चालतच नाही. तिथे बारीक भोकातून नेम धरतात. माउंटचा प्रश्न उभा राहतो तो शिकारी रायफलींवर आणि दुर्बीण लावून १००० यार्डांपर्यंत नेम धरायच्या एफ-क्लास स्पर्धांत. या प्रकाराला नाव पडले ते कॅनडाच्या जॉर्ज फार्कर्सन यांच्या आडनावावरून.

नवखा नेमबाज सगळे पैसे दुर्बिणीत घालतो आणि उरलेल्यात रिंगा घेतो. हे उलटे का पडते, ते साध्या भूमितीतून कळते. दोन रिंगांत १०० मिमी अंतर धरू. मागची रिंग ०.१ मिमी, म्हणजे वहीच्या एका पानाएवढी, वर सरकली तर नेम एक मिलने (मिलिरेडियनने) बदलतो. गोळी १०० मीटरवर १० सेंमी वर लागते, १००० मीटरवर एक मीटर. चांगल्या दुर्बिणीचा टरेट (नेम वर-खाली करायची फिरती चकती) एका टिकटिकीला ०.१ मिल सरकतो. तेवढा घोळ माउंटमध्ये व्हायला मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा पुरतो.

याच भूमितीचा मुद्दाम उपयोग करून घेतात तो उतरत्या रेलमध्ये. लांबवर गोळी खूप खाली येते, म्हणून टरेट वर चढवावा लागतो. पण दुर्बिणीच्या आतली चाल मर्यादित असते. रेल मागून किंचित उंच केली तर चालीचा वाया जाणारा खालचा भाग वर वापरता येतो. सर्वांत रूढ उतार २० एमओए (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे सुमारे ५.८ मिल. एकूण ३० मिल चाल असलेली दुर्बीण सपाट रेलवर झिरो केली (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवली) तर वर साधारण १५ मिल उरतात. २० एमओएच्या रेलवर जवळजवळ २१. मात्र उतार जास्त तितका बरा असे नाही. जुन्या, एकूण ५० एमओए चालीच्या दुर्बिणीखाली ३० एमओएची रेल लावली, तर १०० मीटरवर झिरोच होणार नाही.

रेलच्या मापांत वीव्हर आणि पिकॅटिनी ही दोन नावे सतत येतात. वीव्हर हे अमेरिकन दुर्बीणकार विल्यम वीव्हर यांचे, तर पिकॅटिनी हे न्यू जर्सीतल्या लष्करी शस्त्रागाराचे नाव. पिकॅटिनीचे माप १९९५ साली अमेरिकी लष्करी मानक म्हणून ठरले : खाच ५.२३ मिमी रुंद, दोन खाचांच्या मध्यांत १०.०१ मिमी. वीव्हरच्या खाचा ४.५७ मिमीच्या, आणि त्यांच्यातले अंतर एकसारखे नाही. त्यामुळे वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर बहुधा बसतात, उलट मात्र बसतीलच असे नाही. वीव्हरची रिंग रुंद खाचेत पुढे-मागे हलू शकते, म्हणून आवळण्याआधी ती पुढे रेटून ठेवायची.

रिंगेचा व्यास नळीइतकाच हवा : २५.४, ३० किंवा ३४ मिमी. पॅकिंग लावून भागवणे दूरपल्ल्यात चालत नाही. उंचीबाबत जास्त फसगत होते. कुणी उत्पादक रेलच्या माथ्यापासून रिंगेच्या मध्यापर्यंत मोजतो, कुणी नळीच्या बुडापर्यंत. ३४ मिमी नळीत हा फरक १७ मिमीचा. पुढच्या भिंगाची चौकट बॅरलला टेकू नये आणि बोल्टची (गोळी भरायच्या सरकत्या दांड्याची) मूठ मोकळी फिरावी, एवढी उंची पुरे. पण गाल दस्त्यावर टेकल्यावर डोळा आपोआप भिंगासमोर येत नसेल, तर हिशोब चुकला.

बसवताना रिंगांचे स्क्रू आलटून पालटून, टॉर्क रेंचने आवळतात, रिंगेच्या टोपीला बहुतेक उत्पादक १५ ते १८ इंच-पाउंड (सुमारे १.७ ते २ न्यूटन-मीटर) सांगतात. हाताच्या अंदाजाने आवळले की एक तर आटे जातात, नाही तर नळी चेपते. क्रॉसहेअर (दुर्बिणीतल्या उभ्या-आडव्या रेघा) सरळ करायला रायफल पाणसळीत धरून समोर ओळंबा टांगतात. उभी रेघ ओळंब्याशी जुळली पाहिजे : ती ३ अंश कलली आणि १००० मीटरसाठी टरेट १० मिल चढवला, तर गोळी अर्धा मीटर बाजूला जाते.

स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का तर दुहेरी, आधी मागे आणि लगेच पुढे. तिच्या ११ मिमी डव्हटेलवर (तिरक्या कडांच्या खाचेवर) रिंगा हळूहळू सरकतात, म्हणून अडसराची पिन असलेला माउंटच तिला लागतो.