झुंझाररावाची बाजू

गेल्या पावसाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिला काही दिवस वाचायला मनाई होती. म्हणून सांगलीतल्या आमच्या गावभागातल्या घरी रोज संध्याकाळी मी तिला ‘झुंझारराव’ मोठ्याने वाचून दाखवत होते. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून १८९० मध्ये मराठीत आणलेलं हे नाटक. हात रिकामे नकोत म्हणून आईच्या पुढ्यात सूप आणि भुईमुगाच्या शेंगा. जाधवराव झुंझाररावाच्या कानात बायकोबद्दल विष ओतत जातो आणि शेवटी झुंझारराव निरपराध कमळजेचा जीव घेतो. त्या प्रवेशाशी आलो तेव्हा शेंगा फोडायचा आवाज थांबला. आई म्हणाली, “अरे, कुणीतरी सांगा रे त्याला!”

‘त्याला.’ मरणाच्या दारात उभी होती कमळजा, आणि आईचा जीव कासावीस झाला होता तो मारायला निघालेल्या माणसासाठी. हीच माझी आई, संशयावरून बायकोला मारल्याची बातमी पेपरात आली की “असल्यांना भर चौकात फोडून काढायला हवं” म्हणते. गुन्हा एकच. मग मन इतकं का बदलतं?

मानसशास्त्रात याचं एक उत्तर आहे. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थितीकडे फारसं बघत नाही. दुसरा घसरला तर तो वेंधळा, आपण घसरलो तर फरशी ओली. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या खोडीला ‘मूलभूत’ चूक म्हटलं. बातमीतला खुनी आपल्याला फक्त त्याच्या कृत्यातून भेटतो, म्हणून तो नीच ठरतो. नाटकातल्या खुन्याच्या पायाखालची ओली फरशी मात्र लेखक आपल्याला आधी दाखवतो. जाधवरावाचा डाव आपल्याला पहिल्यापासून माहीत, झुंझाररावाला नाही. तो खड्ड्याकडे चालत जाताना दिसतो आणि हाक मारायची सोय नसते. आईची ती तगमग या कोंडीतून आलेली होती.

एखाद्या गोष्टीत आपण कुणाच्या बाजूने शिरतो याने किती फरक पडतो, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं. रात्री उशिरा बायको घरी आली नाही म्हणून नवरा मित्राला फोन करतो, अशी एक कथा दोन गटांना ऐकवली. शब्द तेच, आवाज तोच. फक्त एका गटाला आधी सांगितलं होतं की बायको खरंच फसवते आहे, दुसऱ्याला सांगितलं की नवराच संशयी आहे. एका गटातल्या लोकांच्या मेंदूचे प्रतिसाद आपापसांत जुळले, पण दुसऱ्या गटापेक्षा वेगळे निघाले. हा फरक ठळक होता तो दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेताना कामाला लागणाऱ्या भागांत. ऐकू येणं सारखंच, समजणं वेगळं. झुंझाररावाची शोकांतिका याहून वेगळी कुठे आहे? कमळजा तीच, तिचं बोलणं तेच, फक्त जाधवरावाने कानात आधी एक वाक्य सोडलेलं.

सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘कीचकवधा’त सोपी वाट धरली, असं मला वाटतं. भीमाने कीचकाला मारलं की प्रेक्षकाला हायसं वाटावं, अशी मांडणी सुरुवातीपासून आहे. कीचक इतका माजलेला की त्याच्याविषयी कुणाच्या मनात काही उरत नाही. त्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. झुंझाररावासाठी हळहळणं त्याहून अवघड, कारण तिथे मरणारी व्यक्ती निर्दोष आहे.

ही हळहळ पुस्तक मिटल्यावर संपते का? डॅनियल बॅट्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये काही जणांना खुनासाठी शिक्षा भोगणाऱ्या एका माणसाची मुलाखत ऐकवली आणि त्याला काय वाटत असेल याची कल्पना करायला सांगितलं. लगेच विचारलं तेव्हा एकूण खुनी लोकांविषयीची त्यांची मतं फारशी हललेली नव्हती. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं तर ती बरीच मवाळ झालेली. ऐकताना माणूस सावध असतो, स्वतःला बजावत असतो. पहारा सैल झाला की मग गोष्ट आत शिरते. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो आणि थोडी भीतीही वाटते.

भीती का, तर याच बॅट्सनचा १९९५ चा प्रयोग. दहा वर्षांच्या एका गंभीर आजारी मुलीचं नाव उपचारांच्या प्रतीक्षायादीत आहे. तिला वर सरकवायचं का? तटस्थ राहायला सांगितलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ‘हो’ म्हणाले. तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा, असं सांगितलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश. यादीत तिच्या आधी जास्त गरजू मुलं आहेत हे ठाऊक असूनही. त्या मुलांचे आवाज कुणी ऐकवले नव्हते.

सहानुभूती बॅटरीच्या झोतासारखी असते. झोत पडेल तिथलं सुरकुतीसकट दिसतं, बाजूला मिट्ट अंधार. खुन्याचं मन उलगडणारं साहित्य मला हवंच आहे. त्याच्याशिवाय ओली फरशी कधी दिसणारच नाही. पण तो झोत किती वेळ कुणावर धरला, हे लेखकाने ठरवलेलं असतं, आणि मारल्या गेलेल्या माणसाच्या वाट्याला बहुतेकदा थोडाच उजेड येतो.

नाटक संपून आठवडा झाला असेल. आई देवघरात वाती वळत होती. मध्येच म्हणाली, “काय गं, त्या कमळजेला आई नव्हती का?” मला सांगता येईना. पुस्तक कपाटातून पुन्हा काढलं, आणि या खेपेला फक्त तिची वाक्यं वाचायला घेतली.