सीटचा बोल्ट वजनाने तुटत नाही

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादमार्गे वेरूळ म्हणजे जेमतेम ३० किलोमीटर. पण दौलताबाद आणि खुलताबादच्या मधला घाट सायकलच्या सीटखालच्या बोल्टची चांगलीच परीक्षा घेतो. चढावर माणूस मागे सरकून बसतो, उतारावर खड्डा आला की सगळं वजन दणकन सीटवर आदळतं. एवढं सगळं बोल्ट मुकाट सोसतो आणि मग एखाद्या दिवशी, सपाट चांगल्या रस्त्यावर, 'टक्' असा आवाज होऊन सीटचं नाक वर जातं. दुकानात निदान ठरलेलं असतं: "वजन लई झालं भाऊ," नाहीतर "लई आवळला असंल तुम्ही." यातलं पहिलं सहसा खरं नसतं. दुसरं तर बऱ्याचदा नेमकं उलटं असतं.

तुटलेला तुकडा फेकू नका, उजेडात धरून बघा. तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत आणि मळकट दिसेल, कधी त्यावर गंजाची छटाही असेल. भिंग असेल तर त्यात एकामागे एक सरकत गेलेल्या वक्र रेषा दिसतात. उरलेला भाग मात्र खरखरीत, दाणेदार आणि ताजा चकचकीत. मळका भाग म्हणजे जुनी भेग. ती महिनोन् महिने आत आत सरकत होती, धूळ-पाणी पीत होती. चकचकीत भाग शेवटच्या क्षणी तुटला, कारण तेवढाच धातू उरला होता. जास्त आवळून तुटलेला बोल्ट असा दिसत नाही. तो पिळवटलेला असतो, मानेशी बारीक झालेला असतो आणि बहुधा पाना हातात असतानाच तुटतो.

हा धातूचा थकवा. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. आस रोजच्याच ओझ्याखाली होता. रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने असे तुटलेले आस तपासून दाखवलं, की भेग जाड आणि बारीक भाग जिथे मिळतात त्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि हळूहळू वाढते. पुढे जर्मनीत वोलर या अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन नियम बसवला: एका झटक्यात धातू किती ओझं पेलतो याला फारसा अर्थ नाही, ताण किती वर-खाली होतो आणि किती वेळा होतो, हे खरं. बोल्टमध्ये असे अवघड कोपरे दोन: डोक्याखालची मान आणि नटात शिरतानाचा पहिला आटा. सगळ्या भाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा तो पहिला आटा एकटाच उचलतो. तुमचा बोल्ट कुठे तुटलाय ते पाहा, बहुतेक या दोनपैकीच एका जागी असेल.

आता घट्टपणाकडे येऊ. बोल्ट ही खरं तर ताठ स्प्रिंग आहे. ५ मिलिमीटर जाडीचा बोल्ट ५ न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळला, की त्यात सुमारे ५०० किलो वजन टांगल्याएवढा ताण येतो आणि ४० मिलिमीटर लांबीमागे तो साधारण ०.०७ मिलिमीटर लांबतो. एवढ्या ताणाने सीट धरणारे दोन्ही क्लॅम्प एकमेकांवर दाबून बसतात. मग खड्ड्याचा हिसका येतो तेव्हा त्याचा बराचसा भाग त्या दाबातच जिरतो, बोल्टपर्यंत थोडाच पोचतो. उसाच्या ट्रॉलीचा दोर करकचून आवळला तर माल हलत नाही आणि दोरही टिकतो. ढिला राहिला तर प्रत्येक गचक्याला दोरच हिसका खातो, तसंच हे. ढिला बोल्ट प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक पॅडलला ताणला जातो, सुटतो, शिवाय वाकतोसुद्धा. मिनिटाला ८० फेऱ्यांनी पॅडल मारलं, तर तासाला ४,८०० फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत दोन पाय. भेगेला हवी तेवढी संधी मिळते.

पुढे-मागे दोन बोल्ट असलेल्या सीट पोस्टमध्ये, म्हणजे सीटखालच्या दांड्यात, पुढचा जास्त मरतो. आपण मागे सरकून बसलो, की सीट मागे झुकू पाहते आणि पुढच्या बोल्टला वर ओढते. त्यात खालचा गोल नट कोरडा पडून अडकलेला असेल, तर तो सीटच्या कलाप्रमाणे फिरत नाही आणि बोल्ट सरळ ओढला जाण्याऐवजी वाकतो. माझ्या मते बोल्टचा सगळ्यात मोठा शत्रू हे वाकणंच. त्या गोल नटाला बोटभर ग्रीस कुणी लावत नाही.

तुकडा बाहेर काढायची लोक उगाच धास्ती घेतात. डोकं उडालं की ताण संपलेला असतो, त्यामुळे गंजलेला नसेल तर आतला तुकडा टोकदार पकडीने फिरवून निघतो. गोल नट असेल तर तो नटासकट हातातच येतो. अडलाच तर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यायचं, हॅकसॉच्या पात्याने खाच पाडायची आणि स्क्रूड्रायव्हर लावायचा. कार्बनच्या पोस्टजवळ मात्र गॅस-टॉर्च आणायचा नाही.

नवा बोल्ट घ्यायला वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे शहरात दुकानं भरपूर आहेत, फक्त जुना तुकडा सोबत न्या. जाडी, आट्यांचं अंतर (५ मिलिमीटरला ०.८, ६ मिलिमीटरला १) आणि डोक्याखालची लांबी जुळली पाहिजे. काउंटरवर हमखास स्टीलचा, म्हणजे स्टेनलेसचा, पुढे केला जातो: "गंजणार नाही." गंजणार नाही हे खरं, पण नेहमीच्या ए२-७० ग्रेडच्या स्टेनलेसची ताकद बघा. जालन्याची पाचशे ग्रेडची बांधकामाची सळई ५०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणापर्यंत कायमची वाकत नाही. हा स्टेनलेस ४५० लाच हात टेकतो. डोक्यावर ८.८ हा ताकदीचा ग्रेड कोरलेला पोलादी बोल्ट ६४० पर्यंत जातो आणि १२.९ चा काळा अ‍ॅलन बोल्ट १,०८० पर्यंत. म्हणजे स्टेनलेस घेतला तर सीटखाली सळईपेक्षा मऊ माल बसवायचा!

मग १२.९ घेतला की काम झालं? इथे गंमत आहे. थकव्याच्या बाबतीत ८.८ आणि १२.९ चे आटे जवळपास सारखेच. ६ मिलिमीटरच्या बोल्टला वर-खाली साधारण ६० मेगापास्कलचा हेलकावा सोसतो, ग्रेड कुठलाही असो. भारी ग्रेडचा खरा फायदा इतकाच, की तो जास्त आवळता येतो आणि म्हणून हेलकावा कमी पोचतो. भारी बोल्ट ढिला बसवला तर पैसे वाया. आणि १२.९ वर झिंकचा चकचकीत मुलामा असेल तर तो घेऊच नका. मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि असा बोल्ट नुसता आवळून ठेवला तरी काही दिवसांनी तडकू शकतो.

आवळताना टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजणारा पाना, वापरा, सीट पोस्टवर बहुधा आकडा छापलेला असतो. पण तो आकडाही फसवतो. लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला जातो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांच्या घर्षणात संपतो. आट्यांत आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बसली असेल, तर पाना ५ दाखवतो आणि बोल्ट निम्माच ताणलेला असू शकतो. आटे पुसून थोडं ग्रीस लावलं, की आकड्याला अर्थ येतो.

पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा पाना लावा. एकूण लांबणं ०.०७ मिलिमीटर, डोक्याखालचा रंग आणि धूळ दबून ०.०२ जरी बसले, तर पाव हिस्सा ताण गेला. आणि जोडीतला दुसरा, न तुटलेला बोल्टही त्याच दिवशी बदला. त्याने तेवढेच खड्डे खाल्लेत, आणि सुरुवातीची भेग डोळ्याला दिसत नाही.