कागदी निगेटिव्ह की काचेची? जुन्या फोटोंतलं लाकडी कोरीवकाम बघताना

लाकडी मठाचा किंवा वाड्याचा तपकिरी फोटो दिसला की त्याला आपण सरसकट ‘सेपिया’ म्हणतो. पण त्या रंगावरून फार काही कळत नाही, कारण कागदी निगेटिव्हवरून काढलेला छाप असो की काचेच्या, तो तपकिरीच. निगेटिव्ह कागदाची होती की काचेची, हे बघायला हवं. नक्षी किती उतरली, ते मुख्यतः तिथेच ठरलं.

1855 साली गव्हर्नर-जनरल डलहौसीने ब्रह्मदेशाच्या राजाकडे शिष्टमंडळ पाठवलं. सोबत मद्रास लष्करातला लिनियस ट्राइप फोटो काढायला होता. तिथली तेव्हाची राजधानी अमरपुरा; तिथले सागवानी मठ त्याने मेणकागदाच्या निगेटिव्हवर टिपले. मेणामुळे कागदातून उजेड नीट पार होतो, शिवाय कागद आधी तयार करून ठेवता येतो आणि डेव्हलपिंगही नंतर, सवडीने करता येतं. प्रवासात याहून मोठी सोय नाही. मात्र छापताना उजेड कागदाच्या तंतूंतून जातो, त्यामुळे वळणदार वेलबुट्टीची कड किंचित विरघळते. छपराच्या कोरीव टोकांपाशी बघा, रेघ करकरीत नसते. त्याच फोटोंतले काही ढग तर ट्राइपने निगेटिव्हवर स्वतः रंगवलेले आहेत, कारण आकाश नुसतं पांढरं यायचं.

काचेची तऱ्हा वेगळी. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने 1851 मध्ये कलोडियन या चिकट द्रवाची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायचं आणि ओलं असतानाच फोटो काढून डेव्हलपही करायचं. वाळलं की काच वाया. म्हणून छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न 1864 मध्ये काश्मीरला निघाला तेव्हा काचा, रसायनं आणि अंधाऱ्या तंबूचं ओझं वाहायला हमाल लागले. पण काचेला तंतू नाहीत. लाकडातली भेग, सांधा, पटाशीची खूण, सगळं स्वच्छ येतं. कारागिराला मूळ नक्षी पुन्हा कोरायची असेल, तर मी त्याच्या हातात काचेवरून काढलेला छापच देईन.

तरी ट्राइपचे फोटो मला जास्त मोलाचे वाटतात. ते काढल्यावर काही वर्षांतच राजधानी मंडालेला हलली आणि अमरपुऱ्याच्या राजवाड्यातल्या इमारती उकलून तिकडे नेल्या.

एक गोष्ट मात्र दोन्हींत सारखी. त्या काळची रसायनं निळ्या उजेडाला चटकन दाद देत, तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ नाहीच. त्यामुळे तांबूस सागवान गडद येतं आणि सोन्याचा मुलामा चढवलेला खांबही काळपट दिसतो. अशा फोटोवरून लाकडाचा मूळ रंग ठरवू नका.