मुठीतला फोन, घडीतला फोन

२०११ च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सॅमसंगने गॅलॅक्सी नोट दाखवला, तेव्हा बरेच लोक हसले होते. ५.३ इंची स्क्रीन आणि सोबत एक पेन. कानाला लावला की माणूस पाटी धरून बोलतोय असं वाटायचं. फोन आणि टॅब्लेटची खिचडी करून ‘फॅब्लेट’ हा विचित्र शब्दही याच सुमारास रुळला. त्या नोटची उंची होती साधारण १४६.९ मिलिमीटर. आता २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या गॅलॅक्सी एस २५ ची उंची बघा: १४६.९ मिलिमीटर. हा एस २५ आज ‘कॉम्पॅक्ट’ फोनांमध्ये मोजला जातो.

चौदा वर्षांत त्याच उंचीचा फोन अवाढव्यवरून आटोपशीर झाला. म्हणून ‘छोटा फोन घेऊ की मोठा फोल्डेबल, म्हणजे घडीचा’ या प्रश्नात छोटा म्हणजे नेमका कोणता, इथूनच घोळ सुरू होतो.

सुरुवातीला शर्यत उलट्या दिशेने होती. १९९६ चा मोटोरोला स्टारटॅक अवघा ८८ ग्रॅमचा, मिटला की शर्टाच्या खिशात दिसतही नसे. २००३ चा नोकिया ११०० हाही ८६ ग्रॅमचा. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात त्याच्या डोक्यावरच्या टॉर्चने किती घरांत जेवणं उरकली असतील, ते मोजायला मात्र कुणी गेलं नाही. बोलणं, एसएमएस आणि मिस्ड कॉल एवढ्यासाठी स्क्रीन कशाला मोठी हवी? छोटा फोन म्हणजे नवा फोन, असंच तेव्हाचं गणित होतं.

तरी त्याच १९९६ साली नोकियाने ९००० कम्युनिकेटर आणला होता. वजन ३९७ ग्रॅम. बंद असताना वीट, आणि कंपासपेटीसारखा लांबीत उघडला की आत एका बाजूला आडवी लांबट स्क्रीन, दुसऱ्या बाजूला कीबोर्ड. ईमेल आणि फॅक्सही त्यावरून जायचे. घडी उघडून मोठी जागा मिळवायची कल्पना तेव्हापासूनची आहे. फक्त काच वाकत नव्हती, त्यामुळे बिजागरीच्या एका बाजूला स्क्रीन आणि दुसऱ्या बाजूला बटणं अशी वाटणी करावी लागली. पुढे दोन स्क्रीन शेजारी जोडायचेही प्रयत्न झाले, २०११ चा क्योसेरा एको किंवा २०१७ चा झेडटीई ॲक्सन एम. मधल्या काळ्या पट्टीने त्यांचा सगळा रस घालवला.

२००७ च्या आयफोनने बटणं काढली आणि स्क्रीन म्हणजेच फोन झाला. ती स्क्रीन होती ३.५ इंचांची. जुलै २०१० मध्ये एका पत्रकार परिषदेत स्टीव्ह जॉब्ज यांनी मोठ्या फोनांची खिल्ली उडवली होती. हातात मावत नाहीत, ते कोण विकत घेणार, असा त्यांचा सूर होता. २०१२ च्या आयफोन ५ मध्येही स्क्रीन उंचीला वाढवली, ४ इंचांची केली, पण रुंदी तेवढीच ठेवली. अंगठा सगळीकडे पोहोचतो, हीच त्याची जाहिरात होती. मग २०१४ मध्ये ४.७ आणि ५.५ इंचांचे आयफोन ६ आणि ६ प्लस आले. त्यांच्यासोबत एक गंमतशीर सोयही आली: होम बटणाला दोनदा हलकं बोट लावलं की सगळी स्क्रीन खाली सरकायची, म्हणजे वरचं बटण अंगठ्याला सापडावं. ज्या अंगठ्याच्या जोरावर जाहिरात केली त्याला आता उतार करून द्यावा लागला, यातच हार आली.

हा अंगठा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हताच. लोक मोबाइल कसा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, बसमध्ये, कॅफेत लोक फोन कसा धरतात याच्या १,३३३ नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात स्क्रीनला बोट लावून काहीतरी करणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोकांच्या एकाच हातात फोन होता. लोकलमध्ये वरची कडी धरून उभ्या असलेल्या माणसाला ही आकडेवारी सांगायची गरज नाही.

भारतात मोठ्या स्क्रीनचं प्रकरण जरा वेगळ्या वाटेने गेलं. २०१२ मध्ये मायक्रोमॅक्सने कॅनव्हास मालिकेत पाच इंची फोन दहा हजारांच्या आसपास आणले, आणि जे नोटच्या रूपात चैन वाटत होतं ते मोबाइलच्या साध्या दुकानात लटकू लागलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि फोन हा घरातला दुसरा टीव्ही बनला. अनेक घरांत तर पहिलाच. कॉम्प्युटर नसलेल्या माणसाला बँक, शाळेचा अभ्यास, सातबारा, सगळं त्याच एका काचेवर करायचं होतं. सातबाऱ्याची पीडीएफ ४.७ इंचांवर वाचून बघा. चिमटीने मोठी करायची, गट क्रमांक दिसला की खातेदाराचं नाव बाहेर जातं, नाव आणलं की क्षेत्र बाहेर जातं. वर्तमानपत्राच्या ई-पेपरचं तेच. त्यात देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने अक्षर ठेवलं तर ‘र्‍ह’ आणि ‘र्ह’ यांतला फरक कळायला चष्मा लागतो. त्यामुळे आपल्याकडे उलटं चित्र उभं राहिलं: मोठी स्क्रीन स्वस्तातल्या फोनला आणि नेटका छोटा फोन पैसेवाल्याला.

इथे इंचांच्या फसवणुकीबद्दल थोडं बोलायलाच हवं. स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजतात. २०१७ पर्यंत बहुतेक फोन सोळास नऊ या प्रमाणाचे होते. त्या वर्षी एलजी जी ६ आणि गॅलॅक्सी एस ८ पासून स्क्रीन उंच आणि अरुंद होत गेल्या. उंच आयताचा कर्ण जास्त भरतो, जागा मात्र तेवढी वाढत नाही. २०१४ चा आयफोन ६ प्लस ५.५ इंचांचा आणि २०२० चा आयफोन १२ मिनी ५.४ इंचांचा, फरक कागदावर एक दशांश इंच. हातात घेतलं तर ६ प्लसची रुंदी ७७.८ मिलिमीटर आणि मिनीची ६४.२. एक मुठीत मावत नाही, दुसरा मुठीत हरवतो. छोटा फोन शोधताना इंच विसरून मिलिमीटरमधली रुंदी बघावी, असं मी ओळखीच्यांना सांगत असतो. ऐकत कुणी नाही.

तर हा १२ मिनी. छोट्या फोनच्या चाहत्यांची वर्षानुवर्षांची मागणी होती की स्वस्त आणि अशक्त नको, पूर्ण ताकदीचा पण छोटा फोन द्या. सोनीने २०१४ च्या झेड १ कॉम्पॅक्टपासून ते काही वर्षं दिलं आणि २०१८ च्या एक्सझेड २ कॉम्पॅक्टनंतर ती मालिका थांबवली. ॲपलने २०२० मध्ये मिनी आणला: मोठ्या भावाचाच प्रोसेसर, तोच मुख्य कॅमेरा, ५जी, वजन १३५ ग्रॅमच्या आत. भारतात किंमत ६९,९०० रुपयांपासून. आणि तो चालला नाही. २०२१ मध्ये १३ मिनी आला, २०२२ च्या आयफोन १४ सोबत मिनीऐवजी प्लस आला, आणि प्रकरण मिटलं.

छोटा फोन लोकांना नकोच होता, असा निष्कर्ष यावरून काढतात. मला तो अर्धवट वाटतो. एक तर वेळ वाईट. टाळेबंदीच्या वर्षात, घरात बसून दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्या लोकांना खिशात मावणारा फोन विकायचा होता. त्याच वर्षी काही महिने आधी ॲपलचाच ४.७ इंचांचा आयफोन एसई ४२,५०० रुपयांत आला होता, त्यामुळे छोटा फोन हवा असलेल्यांपैकी काहीजणांनी तो आधीच घेतला असणार. पण खरा मार बॅटरीचा. फोन लहान केला म्हणून कॅमेरा, अँटेना, चिप, चार्जिंगची सॉकेट लहान होत नाहीत. त्यांना लागते तेवढी जागा लागतेच. उरतं ते बॅटरीला. म्हणजे फोन थोडा आटला की बॅटरी बरीच आटते. आयफोन १२ मध्ये २,८१५ एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), मिनीत २,२२७. स्क्रीन लहान म्हणून वीज थोडी कमी लागते, पण मोबाइल टॉवरशी बोलणाऱ्या भागाला स्क्रीनच्या मापाशी देणंघेणं नसतं, आणि ५जी सुरुवातीला चांगलंच भुकेलं होतं. संध्याकाळी फोन मेला तर त्याच्या देखणेपणाचं लोणचं घालायचं का?

घडीच्या फोनची कहाणी वेगळ्याच खोलीत सुरू झाली. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरातून कमी विजेवर प्रकाश मिळवून दाखवला. आज आपण ज्याला ओएलईडी म्हणतो त्याची ही सुरुवात. आधीच्या एलसीडी स्क्रीनला मागून उजेड द्यावा लागतो. ओएलईडीचा ठिपका स्वतःच उजळतो. मागचा दिवा गेला की थर कमी झाले, आणि काचेऐवजी प्लॅस्टिकसारख्या पॉलिइमाइडवर तो बसवता येऊ लागला. जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगने वाकणारी स्क्रीन जाहीरपणे दाखवली. पण वाकणं वेगळं आणि रोज शंभरदा मिटणं वेगळं. जाड वही मधोमध दुमडली की बाहेरचं पान ताणलं जातं, आतलं चुरगळतं, मधल्या कुठल्यातरी पानाला काहीच होत नाही. सगळी कसरत अशी, की नाजूक थर त्या मधल्या पानाच्या जागी यावा.

नोव्हेंबर २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर सॅमसंगने घडीचा फोन दाखवला तोही दिवे मंद करून, बाहेरचं रूप कळू नये म्हणून. त्याच्या आठवडाभर आधी चीनच्या रोयोल कंपनीने फ्लेक्सपाय जाहीर करून ‘पहिला’ हा मान पटकावला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये गॅलॅक्सी फोल्ड आणि लगेच हुआवेचा मेट एक्स जाहीर झाला. फोल्ड आतल्या बाजूला मिटायचा, मेट एक्स बाहेरच्या. सॅमसंगने यंत्राकडून दोन लाख वेळा घडी घालून दाखवली, दिवसाला शंभर धरली तर पाच वर्षांची बेगमी. एप्रिलमध्ये परीक्षणासाठी फोन पत्रकारांच्या हाती गेले आणि काही दोन दिवसांत बिघडले. काहींनी वरची पातळ फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलून काढली. ती स्क्रीनचाच भाग होती. काहींच्या बिजागरीतून कचरा आत शिरला. यंत्राच्या खोलीत धूळ नसते, अधीर नख नसतं. विक्री पुढे ढकलली गेली, आणि फोन तयार नसताना आपण घाई केली, असं सॅमसंगच्या मोबाइल विभागाचे प्रमुख डी. जे. कोह यांनी नंतर कबूल केलं. सप्टेंबरमध्ये सुधारून तो कोरियात आला, ऑक्टोबरमध्ये भारतात. किंमत १,६४,९९९ रुपये.

मिटल्यावर तो फोल्ड ६२.८ मिलिमीटर रुंद होता, म्हणजे १२ मिनीपेक्षाही अरुंद. जाडी मात्र एका टोकाला १७ मिलिमीटर आणि वजन पावशेराहून जास्त. बाहेरची स्क्रीन इतकी चिंचोळी की त्यावर टाइप करणं म्हणजे शिक्षा. मिटला तर छोटा फोन, उघडला तर टॅब्लेट हे वचन होतं. मिळाला तो जाडजूड रिमोट.

पुढच्या वर्षी फांदी फुटली. फेब्रुवारी २०२० मध्ये झेड फ्लिप आला, वरून खाली मिटणारा, प्लॅस्टिकच्या जागी जेमतेम ३० मायक्रॉनची काच असलेला. २००४ च्या मोटोरोला रेझरची मिटण्याची ऐट ज्यांनी अनुभवली त्यांना हे ओळखीचं होतं. मोटोरोलाने तर त्याच नावाने घडीची स्क्रीन काढली. फ्लिप उघडला की नेहमीच्याच मापाचा फोन, फायदा फक्त खिशाचा. पंजाबी ड्रेसला खिसाच नसलेल्या बायकांना छोट्या पर्सचा. छोट्या फोनचा खरा वारस कुणी असेल तर फ्लिप, फोल्ड नव्हे. पण दोन्हींना दुकानदार ‘फोल्डेबल’ म्हणूनच एका कपाटात ठेवतात, आणि गिऱ्हाईक गोंधळतं.

जुलै २०२५ चा झेड फोल्ड ७ मिटून ८.९ मिलिमीटर जाड आणि २१५ ग्रॅमचा आहे. सॅमसंगचाच न मिटणारा एस २५ अल्ट्रा २१८ ग्रॅमचा. आठ इंची आतली स्क्रीन अल्ट्राच्या पावणेदोनपट जागा देते. पण ती जवळजवळ चौकोनी आहे, त्यामुळे क्रिकेटची मॅच लावली की वर-खाली काळे पट्टे येतात आणि चित्र फक्त तिसऱ्या हिश्श्याने मोठं होतं. सातबारा, ई-पेपर, दिवाळी अंकाची पीडीएफ, हिशेबाची एक्सेल शीट, यांना मात्र सगळी जागा कामी येते. बॅटरी ४,४०० एमएएच, म्हणजे अल्ट्राच्या ५,००० पेक्षा कमी, आणि उजळायची स्क्रीन जास्त. मिनीला ज्या दुखण्याने नेलं तेच इथेही आहे, फक्त कमी तीव्र: पातळ करायचं तर बॅटरी कापा.

मिटलेल्या फोल्ड ७ ची रुंदी ७२.८ मिलिमीटर. एस २५ ची ७०.५. पँटच्या खिशाला हे दोन मिलिमीटर कळत नाहीत. कळतो तो सव्वापटीहून जास्त वजनाचा फरक, १६२ आणि २१५ ग्रॅम, आणि किंमत. बाजारात आले तेव्हा एस २५ ची किंमत ८०,९९९ रुपयांपासून होती, फोल्ड ७ ची १,७४,९९९ पासून. २०११ चा तो हास्यास्पद नोट यांच्या शेजारी ठेवला तर तिघांत सर्वांत रुंद तोच भरेल, ८३ मिलिमीटर.