कॉमिक्स-संग्रह, भारतातील

कॉमिक्सचे अंक वाचून झाल्यावर रद्दीत न घालता जपून ठेवणे, राहून गेलेले अंक शोधून मालिका पुरी करणे आणि पुढे पुढे अंकाकडे गोष्ट म्हणून कमी व छापील वस्तू म्हणून जास्त पाहणे, असा हा छंद आहे. भारतात तो प्रामुख्याने इंद्रजाल कॉमिक्स आणि अमर चित्रकथा या दोन मालिकांभोवती वाढला. संग्राहकाची आवड वयाबरोबर बदलते हे खरेच; पण ती कोणत्या दिशेने बदलेल हे बरेचसे मालिकेच्या नशिबावर अवलंबून असते. मालिका चालू राहिली, जुने अंक पुन्हा छापले गेले, तर वाचक बराच काळ वाचकच राहतो. मालिका बंद पडली की त्याचा संग्राहक होतो.

इंद्रजाल कॉमिक्स : टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन अँड कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिले ३२ अंक ली फॉक यांच्या फँटमचे, म्हणजे मराठी वाचकांच्या वेताळाचे होते. त्यानंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर, गार्थ ही मंडळी आळीपाळीने येऊ लागली. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूंशी लढणारा हा नायक इथल्या मातीतला होता. मासिक म्हणून निघालेली मालिका पाक्षिक झाली, १९८० च्या दशकात साप्ताहिक झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांत तिचे अंक निघत.

त्या काळी अंक ‘जमवणारी’ मुले फारशी नव्हती. अंक विकत घेतला जाई तो प्रवासात, रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर किंवा एसटी स्टँडवर. एरवी गल्लीतल्या लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने येई किंवा मित्राशी अदलाबदल करून मिळे. एक अंक दहा-बारा हातांतून फिरे. चांगला अंक म्हणजे ज्यात वेताळाची कवटीची अंगठी कुणाच्या तरी जबड्यावर उमटते तो. रिप कर्बी निघाला की मुले नाराज होत: चष्मा लावणारा, पाइप ओढणारा हा गुप्तहेर बोलतो फार आणि मारतो कमी. चित्रकाराचे नाव कुणी पाहत नसे.

ज्या घरांत अंक जपले गेले तिथे ते बहुधा बाइंडिंगमुळे टिकले. सुट्टी लागली की वडील दहा-पंधरा अंक बाइंडरकडे देत. तो ते शिवून, पुठ्ठ्यात घालून, तीन कडा कटिंग मशीनखाली सपासप कापून देई. पुस्तक टिकाऊ होई, पण मुखपृष्ठाच्या कडेचा भाग, कधी क्रमांकही, कापला जाई. पुढच्या संग्राहकांना असे खंड नकोसे वाटतात, आणि गंमत म्हणजे बाजारात येणाऱ्या जुन्या अंकांपैकी पुष्कळसे या खंडांतलेच असतात. सोडवलेल्या अंकाच्या कण्यापाशी शिलाईची भोके ओळीने दिसतात. जाणकार विक्रेत्याचे बोलणे ऐकण्याआधी तिथेच बोट फिरवतो.

दहावीनंतर हा नाद सुटतो. अंक माळ्यावर जातात, तिथून रद्दीत किंवा धाकट्या भावंडांकडे. परततो तो नोकरी लागल्यावर, हातात थोडा पैसा आल्यावर. इंद्रजालच्या बाबतीत या परतण्याला एक जादा कारण मिळाले. १९९० मध्ये मालिका संपली आणि तिला शेवटचा अंक आला. म्हणजे ती पूर्ण करता येण्याजोगी झाली. चालू मालिकेचा संग्रह कधीच पुरा होत नाही, त्यामुळे तिच्या मागे लागण्यात फारशी चुरसही नसते. एकूण ८०३ अंक निघाले. क्रमांक १२३ आणि १२४ संपामुळे छापलेच गेले नाहीत, हे ठाऊक नसलेले नवशिके ते शोधत फिरतात. पुढे अनुक्रमांक सोडून खंड आणि अंक अशी पद्धत आली, तिने यादी करणाऱ्यांचा गोंधळ आणखी वाढवला.

शोधाच्या जागा ठरलेल्या होत्या: मुंबईत फ्लोरा फाउंटनचे फुटपाथ आणि माटुंग्याचे किंग्ज सर्कल, दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार, आणि गावोगावची बंद पडत चाललेली भाड्याची वाचनालये. वाचनालयाच्या अंकावर जांभळा शिक्का, आतल्या पानावर तारखांची रांग आणि शब्दकोडे पेन्सिलीने सोडवलेले असते. सुरुवातीला संग्राहकाला याचे काही वाटत नाही. अंक मिळाला हेच खूप. यादी भरत आली की तोच माणूस शिक्का नसलेली, गंजलेल्या पिनांचा डाग न पडलेली प्रत मागू लागतो. कागद साधा, हवा दमट आणि कपाटात कसर, त्यामुळे अशा प्रती थोड्याच उरल्या आहेत. प्लास्टिकच्या पिशव्या, मागे पुठ्ठा, डांबराच्या गोळ्या हा सरंजाम या टप्प्यावर येतो. अंक वाचायचा झाला तर एव्हाना दुसरी, फाटकी प्रत काढली जाते.

आवडीतला खरा पालट मात्र चित्रांच्या बाबतीत होतो. फँटम १९३६ मध्ये रे मूर यांनी काढला, मग विल्सन मॅकॉय यांनी आणि १९६१ पासून साय बॅरी यांनी. लहानपणी तिन्ही वेताळ एकच होते. संग्राहकाला आता मूर यांच्या दाट सावल्या, मॅकॉय यांची बाळबोध रेषा आणि बॅरी यांचा पीळदार देह एका चौकटीवरून ओळखू येतो. बी. गोविंद यांच्या रंगवलेल्या मुखपृष्ठांसाठी अंक घेणारेही आहेत. त्यांना आतली गोष्ट कोणती याचे सोयरसुतक नसते. आणि ज्या रिप कर्बीला मुलांनी नाक मुरडले, त्याची अलेक्स रेमंड आणि नंतर जॉन प्रेंटिस यांच्या हातची काळी-पांढरी नजाकत पन्नाशीच्या वाचकाला सगळ्यांत जास्त भावते. भडक रंगांनी ती कशी मारली गेली, ही तक्रार तेव्हाच सुरू होते.

याच वाटेने मूळ पट्ट्यांचा, म्हणजे वर्तमानपत्रांत क्रमशः येणाऱ्या मूळ चित्रकथांचा, शोध सुरू होतो. इंद्रजालने वर्तमानपत्री पट्ट्या पानात बसवण्यासाठी चौकटी कापल्या, काही गाळल्या. इथल्या नावांशी घोटाळा होऊन गैरसमज नको म्हणून नावेही बदलली: वेताळाच्या बेंगाल्ला देशाचे डेंकाली झाले, त्याचे शत्रू असलेल्या सिंग या समुद्री चाच्यांचे सिंगा झाले. मग १९४८ पासून फँटम छापणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या फ्रू पब्लिकेशन्सचे अंक मागवले जातात आणि गाळलेल्या चौकटी मोजल्या जातात. एवढे करूनही मूळ, अखंड कथा वाचल्यावर अनेकांना ती परकीच वाटते. त्यांना हवा असतो तो डेंकालीचाच वेताळ.

अमर चित्रकथा : अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे सुरू केलेल्या या मालिकेचे तसे झाले नाही. ती आजही छापली जाते, त्यामुळे अंक मिळणे अवघड नाही आणि जुन्या प्रतीला सहसा मोठा भावही नाही. इथला संग्राहक आवृत्तीच्या मागे लागतो: पहिल्या छपाईची किंमत, मागच्या पानावरची जाहिरात, बदललेले मुखपृष्ठ. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. राम वाईरकर यांनी चितारलेला ‘कृष्ण’ अकरावा, हे माहीत असणे या मंडळींत किमान पात्रता समजली जाते.

पैशाचा भाग भारतात अजून मर्यादित आहे. अमेरिकेत दहा सेंटला विकलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची (१९३८) एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. तिथे १९९० च्या सुमारास गुंतवणूक म्हणून एकाच अंकाच्या पाच-पाच प्रती घेण्याची लाट आली. लाखोंनी छापलेले अंक दुर्मीळ होणार कसे, हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही. बाजार कोसळला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. इंद्रजालचे अंक महाग झाले ते उलट कारणाने: ते कुणी जपायचे म्हणून घेतलेच नव्हते.

साधारण २००० नंतर स्कॅन केलेले अंक संगणकावर फिरू लागले. स्वामित्वहक्काच्या दृष्टीने हा व्यवहार सदोष आहे. त्याने वाचण्याची भूक भागली, तरी कागदी प्रतींची मागणी टिकून राहिली; उलट कोणता अंक आपल्याकडे नाही हे प्रत्येकाला नेमके कळले.

नव्वदच्या दशकात वाढलेल्या पिढीने मराठी घरांतही हिंदी कॉमिक्स वाचली: डायमंडचे चाचा चौधरी, राज कॉमिक्सचे नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव. ही पिढी आता चाळिशीत आहे. नागराज-ध्रुवच्या कथा नव्या, जाड कागदावर पुन्हा छापून येतात आणि वाचण्यासाठी घेतल्या जातात. चढाओढ चालते ती बंद पडलेल्या मनोज कॉमिक्स आणि तुलसी कॉमिक्सच्या जुन्या अंकांसाठी.