लेव्हर, विल्यम ग्रेम

लेव्हर, विल्यम ग्रेम : (३ जून १९२९ – २६ सप्टेंबर २००८). ऑस्ट्रेलियन जीवरसायनशास्त्रज्ञ व विषाणुशास्त्रज्ञ. जन्म मेलबर्न येथे. इन्फ्लुएन्झा विषाणूच्या पृष्ठभागावरील न्युरामिनिडेज या विकराचे (एन्झाइमचे) स्फटिक त्यांनी तयार केले. या स्फटिकांमुळे विकराची त्रिमितीय रचना कळली आणि त्या रचनेवरून झानामिविर व ओसेल्टामिविर ही फ्लूवरची औषधे घडवता आली. ओसेल्टामिविरचे टॅमिफ्लू हे व्यापारी नाव स्वाइन फ्लूच्या साथीत घरोघरी पोहोचले. लेव्हर यांचे मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही.

मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत ते साधे प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून लागले. नोकरी सांभाळत त्यांनी रसायनशास्त्राची पदवी मिळवली. ही जागा नशिबाचीच म्हणायची. विषाणुशास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट हे संस्थेचे संचालक होते आणि इन्फ्लुएन्झावर तिथे कसून काम चालू होते. विषाणूपाशी पेशीवरील सायालिक आम्ल (साखरेसारखा एक रेणू) तोडणारा विकर, म्हणजेच न्युरामिनिडेज, असतो, हे रासायनिक पातळीवर उलगडणारे आल्फ्रेड गॉटशाल्क त्याच संस्थेतले. लंडनहून पीएच.डी. करून लेव्हर १९५८ च्या सुमारास कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील जॉन कर्टिन वैद्यकीय संशोधन केंद्रात विषाणुशास्त्रज्ञ फ्रँक फेनर यांच्या विभागात रुजू झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

विषाणू फोडून पाहणे : त्या काळी बहुतेक विषाणुशास्त्रज्ञ विषाणू वाढवत आणि त्याची मोजदाद करत. लेव्हर हाडाचे रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे त्यांना विषाणूचे सुटे भाग हवे होते. अपमार्जकाच्या, म्हणजे साबणासारख्या द्रव्याच्या साहाय्याने विषाणूचे आवरण विरघळवायचे आणि मोकळी झालेली प्रथिने विद्युतप्रवाहाने वेगळी करायची, ही त्यांची पद्धत. पेशीला चिकटणारे हिमॅग्लुटिनिन आणि तिथून सोडवणारे न्युरामिनिडेज हे दोन स्वतंत्र रेणू आहेत, हे या कामातून पक्के झाले. रॉबिन व्हॅलेंटाइन यांच्याबरोबर १९६९ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या दोहोंची रूपे दाखवली. हिमॅग्लुटिनिन काडीसारखे दिसते. न्युरामिनिडेजला देठ आणि त्यावर चौकोनी डोके असते, अळंबीसारखे. रॉबर्ट वेबस्टर यांच्याबरोबर त्यांनी या सुट्या प्रथिनांचीच लस बनवून पाहिली. अख्खा विषाणू टोचण्यापेक्षा नेमके हवे तेवढेच टोचावे, हा आजच्या अनेक फ्लू लशींमागचा विचार.

किनाऱ्यावरचे मेलेले पक्षी : वेबस्टर मूळचे न्यूझीलंडचे, पीएच.डी.साठी कॅनबेराला आलेले. १९६० च्या दशकात हे दोघे न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर फिरत असताना लाटांनी आणून टाकलेले मटनबर्ड (शिअरवॉटर) जातीचे पक्षी थोड्या थोड्या अंतरावर मरून पडलेले त्यांना दिसले. लांबच्या स्थलांतरात दमून आणि उपाशी राहून हे पक्षी असे मरतात. पण या दोघांच्या मनात वेगळीच शंका आली. दक्षिण आफ्रिकेत १९६१ मध्ये सुरय (टर्न) पक्षी मोठ्या संख्येने मेले होते आणि त्यांच्यात इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला होता. मग हेही फ्लूनेच मेले असतील का?

उत्तर शोधायला ते ग्रेट बॅरियर रीफवरील ट्रायन बेटावर गेले. शिअरवॉटर हे समुद्रपक्षी तिथे वाळूत बिळे करून अंडी घालतात. पक्षी धरायचा, घशात कापसाचा बोळा फिरवायचा, रक्ताचा नमुना घ्यायचा आणि पक्षी सोडून द्यायचा. पक्षी धडधाकट होते, पण काहींच्या रक्तात माणसाच्या फ्लूच्या न्युरामिनिडेजविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) होती. पुढच्या फेऱ्यांत प्रत्यक्ष विषाणूही हाती लागला आणि १९७२ च्या त्या नमुन्याला शिअरवॉटरचेच नाव मिळाले. जंगली पाणपक्षी हे इन्फ्लुएन्झा ‘ए’ विषाणूचे मूळ घर आहे, ही आज पाठ्यपुस्तकात गेलेली गोष्ट. वेबस्टर यांनी पुढे अमेरिकेत मेम्फिसला राहून ती तडीस नेली, पण तिची सुरुवात या बेटांवर झाली. प्रवाळबेटांची लेव्हर यांना मनापासून ओढ होती. त्या ओढीशिवाय हे काम इतकी वर्षे चालले असते असे वाटत नाही.

याच काळात १९६८ ची हाँगकाँग साथ आली. तिच्या विषाणूत न्युरामिनिडेज १९५७ च्या साथीतलेच होते, हिमॅग्लुटिनिन मात्र नवे. दोन्ही प्रथिनांचे तुकडे करून लेव्हर आणि वेबस्टर यांनी त्यांचे नकाशे ताडून पाहिले. हे नवे हिमॅग्लुटिनिन जुन्या मानवी विषाणूपासून हळूहळू बदलत आलेले नव्हते. १९६३ मध्ये युक्रेनमधील बदकात आणि त्याच वर्षी मायामीत घोड्यात सापडलेल्या विषाणूंच्या हिमॅग्लुटिनिनशी त्याचे नाते होते. महासाथीचा विषाणू प्राण्यांकडून जनुक उसने घेतो, याचा हा भक्कम रासायनिक पुरावा होता.

प्रतिकारशक्ती का तोकडी पडते : फ्लू एकदा होऊन गेला तरी पुन्हा का होतो, या प्रश्नावरही त्यांनी हात घातला. वेबस्टर आणि वॉल्टर गेरहार्ड यांच्याबरोबर १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एकाच जागी चिकटणारी प्रतिपिंडे विषाणूत मिसळली आणि त्यातून निसटलेले विषाणू वेचून काढले. एका अमिनो आम्लाचा बदल झाला, तरी ते प्रतिपिंड निकामी होत होते. लस दर वर्षी का बदलावी लागते, याचे इतके स्वच्छ उत्तर आधी कुणी दिले नव्हते. न्युरामिनिडेजविरुद्धची प्रतिपिंडे संसर्ग थांबवत नाहीत, पण विषाणूचा फैलाव मंदावतो आणि आजार सौम्य होतो. लशीत या बाजूकडे अजूनही पुरेसे लक्ष दिले जात नाही.

स्फटिक : लेव्हर यांचे सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर उत्तर एकच, स्फटिक. कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवायचा. एक-दोन नव्हे, ढीगभर अंडी लागत. त्यातला द्रव काढून विषाणू शुद्ध करायचा. मग प्रथिने तोडणारे प्रोनेज त्यावर सोडायचे. ते न्युरामिनिडेजचा देठ कापते आणि डोकी तेवढी सुटी होतात. ही डोकी पुरेशी शुद्ध झाली की द्रावणात नीट रांगेत बसतात आणि स्फटिक धरतो. क्ष-किरणांच्या अभ्यासाला साखरेच्या कणासारखा रेखीव स्फटिक लागतो. गढूळ गोळा चालत नाही. १९७८ मध्ये त्यांनी हे स्फटिक जाहीर केले. रीफवरच्या नॉडी या सुरय पक्ष्यातून १९७५ मध्ये मिळालेल्या विषाणूच्या एन९ जातीच्या (न्युरामिनिडेजच्या जातींना एन१, एन२ असे क्रमांक देतात) न्युरामिनिडेजने पुढे फारच देखणे स्फटिक दिले. बेटावरची भटकंती औषधाच्या रेणूपर्यंत पोहोचली ती अशी.

हे स्फटिक मेलबर्नला, क्ष-किरणांनी रेणूंची रचना शोधणारे पीटर कोलमन आणि जोसेफ व्हर्गीज यांच्याकडे गेले. तिघांनी मिळून १९८३ मध्ये रचना प्रसिद्ध केली. चौकोनी डोके चार सारख्या भागांचे आणि प्रत्येक भागाला पंख्यासारखी सहा पाती. प्रत्येक भागाच्या मधोमध एक खोल खळगा, सायालिक आम्ल कापण्याची जागा. वरचा भाग जातीजातीत बदलतो, पण या खळग्याच्या कडेची अमिनो आम्ले सर्व जातींत जवळपास सारखीच निघाली. खळगा बदलला तर विकर कामच करणार नाही, म्हणून विषाणूला तो बदलता येत नाही. त्यात चपखल बसणारे बूच मिळाले, तर नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच अडकून पडतील.

ते बूच रसायनशास्त्रज्ञ मार्क फॉन इट्झस्टाइन यांच्या गटाने बनवले. खळग्याच्या तळाशी ऋणभारित जागा आहे, हे रचनेत दिसत होते. तिथे पकड घेईल असा धनभारित गट त्यांनी सायालिक आम्लासारख्या रेणूला जोडला. हे झानामिविर, १९९३ मध्ये जाहीर झालेले आणि श्वासावाटे घ्यायचे. गिलियड कंपनीने घडवलेले ओसेल्टामिविर पोटातून घेता येते. त्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल बराच काळ चक्रीफुलातून, आपल्या मसाल्याच्या डब्यातल्याच चक्रीफुलातून, काढले जाई. दोन्ही औषधे १९९९ मध्ये बाजारात आली.

ओसेल्टामिविर बसण्यासाठी खळग्याला थोडे सरकून जागा करावी लागते. हेच त्याचे दुबळेपण ठरले : २७४ व्या जागी हिस्टिडिन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसिन आलेला एच१एन१ जातीचा फ्लू विषाणू २००७-०८ पासून पसरला आणि त्यावर हे औषध चालेना. नैसर्गिक रेणूशी अधिक मिळतेजुळते असलेले झानामिविर चालत राहिले. या औषधांच्या गुणाविषयी वादही झाले. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात प्रौढांची लक्षणे ओसेल्टामिविरने सुमारे सतरा तास लवकर कमी होतात, असे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ते आवश्यक औषधांच्या मुख्य यादीतून पूरक यादीत टाकले. रुग्णालयात भरती झालेल्या गंभीर रुग्णांसाठी मात्र ते आजही वापरले जाते.

वेळेचा आग्रह : विषाणू पहिल्या दोन दिवसांत झपाट्याने वाढतो, म्हणून औषध त्याच अवधीत पोटात गेले पाहिजे. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत ही मुदत निघून जाते. तेव्हा ही औषधे चिठ्ठीशिवाय मिळावीत आणि घरात आधीच ठेवलेली असावीत, असे लेव्हर उत्तरायुष्यात ठिकठिकाणी सांगत राहिले. त्यांच्या या मताला विरोधही बराच होता.

भारतात नेमकी उलटी वाट निवडली गेली. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात नोंदला गेला. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. औषध सुरुवातीला फक्त सरकारी केंद्रांतून दिले गेले. सप्टेंबरमध्ये दुकानांतून विकायची परवानगी मिळाली, तीही ‘एक्स’ अनुसूचीचा (कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीचा) परवाना असलेल्या मोजक्या दुकानांना. अंदाधुंद वापराने विषाणू औषधाला दाद देईनासा होईल, ही भीती त्यामागे होती आणि ती अनाठायी नव्हती. पण रांगेत गेलेले तास हे त्याच दोन दिवसांतले होते. २०१७ मध्ये हे औषध त्याहून सैल असलेल्या ‘एच१’ अनुसूचीत आणले गेले, तेव्हा कुठे ते नेहमीच्या औषधदुकानात चिठ्ठीवर मिळू लागले.

लेव्हर १९८७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९९६ चा ऑस्ट्रेलिया पुरस्कार त्यांना कोलमन, फॉन इट्झस्टाइन आणि पॉल यान्सेन यांच्याबरोबर मिळाला. पोर्तुगालमधील इन्फ्लुएन्झा परिषदेला निघाले असताना लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.